पॅसेजमधली बारी

सयाजी हांडे यांनी जवळजवळ चाळीस वर्षं बैलगाड्यांच्या घाटात माईक धरला, आणि एवढ्या काळात एकही बारी वाईट झाल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. जुन्नर-आंबेगावात गावाबाहेरच्या चढावर शर्यतीसाठी मातीची धावपट्टी करतात, तिला घाट म्हणतात, आणि एका गाड्याच्या एका धावेला बारी. शिंक येऊन नाक पुसेपर्यंत बारी संपते. बाकीचा दिवस बोलण्यात जातो, आणि ते बोलणं सयाजीअण्णांचं असायचं.

बैल अर्ध्यातून बाहेर फाकले, तर अण्णा म्हणायचे, "वारं आडवं व्हतं राव, न्हाईतर आज घाट फुटला असता!" बैल सुरुवातीच्या निशाणापाशीच उभे राहिले, तर "जातिवंत जनावर हाय, आधी पब्लिक बघून घेतंय." आणि एकदा गाडा पलटी होऊन थेट प्रेक्षकांत गेला, तेव्हा दोघांना टाके पडले आणि अण्णांनी माईकवरून जाहीर केलं की गाडामालकांनी गावकऱ्यांना जवळून दर्शन दिलं, त्याबद्दल कमिटी आभारी आहे. गाडामालक खूश व्हायचा, लोक हसायचे, टाके पडलेलेही हसायचे. आवाज असा की, खोडदच्या त्या पांढऱ्या दुर्बिणी आकाशातलं कुठलं कुठलं ऐकतात म्हणतात, त्यांनी अण्णांना ऐकलं नसेल यावर गावात कोणाचा विश्वास नव्हता.

शर्यतींवर बंदी आली ती वर्षं अण्णांनी दशक्रियांवर काढली. आपल्याकडे दहाव्याला नदीकाठी मंडप असतो, प्रवचन असतं, मग श्रद्धांजलीची भाषणं असतात, आणि वक्त्यांची नावं पुकारायला कोणीतरी लागतं. ते काम अण्णांकडे आलं. त्यांना फारसं काही बदलावं लागलं नाही. बैल उठून पुढच्या बारीला यायचे, एवढाच फरक. भाऊबंदांची जमीन दाबून बसलेला म्हातारा अण्णांच्या तोंडून "मातीशी इमान राखलेला माणूस" व्हायचा आणि पुढच्या रांगेतले भाऊबंद माना डोलवायचे.

बंदी उठली आणि अण्णा घाटात परत आले. पण आता प्रत्येक गावच्या यात्रेत मोबाईल होते, शर्यत लाइव्ह दिसायची आणि जुन्नरचा एक तरुण माईकवर आला होता. त्याचं नाव शाहरुख. त्याचे वडील तय्यबभाई शर्यतीच्या बैलांच्या झुली शिवायचे, त्यामुळे पोरगं घाटातच वाढलेलं. तो अण्णांना उस्ताद म्हणायचा आणि खरंच तसं मानायचा. नारायणगावजवळच्या एका यात्रेत त्याने अण्णांना बाजूला घेतलं.

"उस्ताद, राग मानू नका. पण तुमी आता दोन शब्दांच्या मधी श्वास घेताय. आधी दोन बाऱ्यांच्या मधी घ्यायचे."

अण्णांनी राग मानला. "माझी जागा पायजे व्हय रे तुला? माग ना सरळ!"

शाहरुख माईककडे परत गेला. अण्णांच्या दुखण्याबद्दल त्यांच्या तोंडावर खरं बोललेला तो पहिला माणूस, आणि तो प्रतिस्पर्धी असल्यामुळे त्याचं ऐकायचं कारण नव्हतं.

घरी साळुबाई, म्हणजे अण्णांची बायको, वेगळंच बघत होती. नवऱ्याचे पाय संध्याकाळी सुजायचे, बोट दाबलं की खड्डा राहायचा. आडवं पडलं की गुदमरायचं, म्हणून तो गोधड्यांच्या चळतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. अण्णांकडे प्रत्येकाचं कारण तयार होतं. पाय सुजले, कारण चप्पल नवी. बसून झोपतो, कारण मान अवघडते. वाड्यातून गोठ्यापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं, कारण वासराला बघायचं असतं.

"वासरू इकून दोन वर्सं झाली," साळुबाई म्हणाली, आणि तिने मुलाला, गोरक्षला, गाडी काढायला सांगितली. गोरक्ष मंचरच्या बाजारात कांद्याचे टेम्पो भरून द्यायचा. अबोल माणूस. बापाने घरातले सगळे शब्द वापरून टाकल्यावर त्याच्या वाट्याला फार उरले नसावेत.

मंचरला हृदयाचे डॉक्टर म्हणजे पारस. कापडवाले दलीचंदशेठ यांचा मुलगा. दलीचंदशेठचे आजोबा राजस्थानातून आले, आणि आता घरात मारवाडी फक्त म्हाताऱ्यांना येते. डॉक्टरांचा एक नियम होता, सूर्य मावळायच्या आत जेवायचं. त्यामुळे संध्याकाळी चारनंतर आलेल्या पेशंटला ते जरा भरभर तपासतात अशी बोलवा होती. अण्णांना त्यांनी सकाळी तपासलं, आणि सावकाश.

"दम लागतो का?"

"नाय."

"जिना चढताना?"

"दोन-दोन पायऱ्या घेतो."

"तुमच्या घराला जिना आहे?"

"नाय. पण असता तर घेतल्या असत्या."

"एकंदरीत कसं वाटतं?"

"एकदम टॉप, डॉक्टर."

डॉक्टरांनी इको केला. पडद्यावर हृदय दिसत होतं. मोठं झालेलं, सैल, पाणी भरलेल्या पिशवीसारखं डुचमळणारं. अण्णांनी तेही कौतुकाने पाहिलं. मग डॉक्टरांनी त्यांना "जरा बाहेर बसा" म्हटलं आणि गोरक्षला आत बोलावलं. आपल्याकडे ही पद्धत आहे. दुखणं ज्याचं असतं तो बाहेर बाकड्यावर बसतो आणि दुखण्याची माहिती इतरांना देण्यात येते.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "हृदयाची ताकद फार कमी झालीय. पण इकोवरून सगळं कळत नाही. असाच इको असलेला एक माणूस शेतात जाऊन येतो आणि दुसऱ्याला बाथरूमपर्यंत पोचवत नाही. पुढचं आयुष्य कसं असेल हे त्याला चालवून बघितलं की जास्त कळतं. सहा मिनिटं सपाट जागेवर चालवायचं आणि अंतर मोजायचं. तीनशे मीटरच्या आत राहिले, तर काळजीचं आहे. मग पुण्याला पाठवू. तिथे तोंडाला मास्क लावून मशीनवर पूर्ण तपासणी करतात, छातीत यंत्र बसवायचं का ते ठरवतात, वेळ पडली तर हृदय बदलायच्या यादीत नाव घालतात. जास्त चालले, तर गोळ्यांवर थांबू. त्यांना विचारून उपयोग नाही, ते सगळं टॉपच सांगतात. चालणं मात्र खोटं बोलत नाही."

डॉक्टर अजून घाटात कधी आले नव्हते, म्हणून हे शेवटचं वाक्य त्यांना बोलता आलं.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणला दलीचंदचा पारस?"

गोरक्षने बापाकडे पाहिलं. गावच्या यात्रेला पंधरवडा उरला होता. यात्रा कमिटीने अण्णांना निरोप दिला होता की तब्येतीचं डॉक्टरांकडून विचारून या, मग माईकचं बघू. अण्णा त्या निरोपावर जगत होते. आता या माणसाला, बसस्टँडसमोर, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी, तुम्ही किती दिवस काढाल ते बघायचंय, असं कसं सांगणार? गोरक्ष म्हणाला, "चालायची टेस्ट घ्यायचीय. पुढल्या सोमवारी. चांगलं चाललात की माईक धरायला हरकत नाय म्हणले."

हे गोरक्षच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण असावं. ते खोटं होतं, आणि मायेने केलेलं होतं. एरवी या घरात खोटं बोलणं हे अण्णांचं काम.

अण्णा घरी न जाता थेट गेणभाऊंकडे गेले. गेणभाऊ गाडामालक, अण्णांचे जुने दोस्त. त्यांची बैलजोडी तालुक्यात नाव काढून होती. गेणभाऊंनी सगळं ऐकलं आणि बैलाकडे बघावं तसं दोस्ताकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सोमवारी बारी हाय म्हन की सरळ."

"बारीच म्हनायची."

"मंग तयारी लागंल. शर्यतीच्या आधी आठ दिवस बैल औताला जुंपत्यात का? नाय. त्याला आराम, येळच्या येळी खुराक, अंगात पानी धरलेलं नको. तू आजपासनं काम बंद. बोलनं बी बंद."

"बोलनं?"

"दम बोलण्यातच जातोय तुझा."

आणि मग हांडेंच्या घरात कधी झालं नव्हतं ते झालं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, ज्यातल्या निम्म्या अण्णा एरवी विसरले असते आणि निम्म्या 'उष्ण पडतात' म्हणून टाळल्या असत्या, त्या घड्याळ लावून दिल्या गेल्या. मीठ बंद झालं. लोणच्याची बरणी साळुबाईने शेजारी नेऊन ठेवली. पाणी मोजून. चहा अर्धा कप. दुपारी झोप. लघवी होऊन अंगातलं पाणी उतरवणारी गोळी होती, ती एकाची दोन करायची असं गेणभाऊंनी ठरवलं; बैलाला हलकं करायचं ते शास्त्र त्यांच्याकडे होतंच. जास्तीच्या गोळ्या गोरक्षने आणून दिल्या. दुकानदाराने काही विचारलं नाही, गोरक्षने काही सांगितलं नाही.

एक दुप्पट गोळी सोडली, तर गेणभाऊंची ही सगळी लबाडी म्हणजे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं पथ्यच होतं. ते कायमचं पाळायचं असतं हे कोणाच्या मनात आलं नाही. शर्यत संपल्यावर बैलाला कोणी खुराक घालत बसत नाही.

चार-पाच दिवसांत पायांची सूज उतरली. अण्णा एकाच गोधडीवर आडवे झोपले. साळुबाई उठून दोनदा बघून गेली, की माणूस झोपलाय का आणखी काही.

सोमवारी दवाखान्यात गेणभाऊही आले. डोक्याला फेटा. ओपीडीच्या मागच्या पॅसेजमध्ये दोन टोकांना दोन लाल शंकू ठेवले होते, जमिनीवर पट्ट्या मारल्या होत्या. श्रेया नावाची सिस्टर हातात घड्याळ घेऊन उभी होती.

"आजोबा, पळायचं नाही. आपल्या गतीने चालायचं. या शंकूपासून त्या शंकूपर्यंत, वळायचं, परत यायचं. दम लागला तर थांबा, भिंतीला टेका, बरं वाटलं की परत चाला. चालेल?"

"निशाण कोन टाकनार?" अण्णांनी विचारलं.

"काय?"

"चालू म्हनायचं त्याला, ताई," गेणभाऊ म्हणाले. "तुमी घड्याळ बघा. निशाण मी टाकतो." आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल खाली टाकला.

अण्णा निघाले. सुरुवात जोरात केली, तेव्हा गेणभाऊंनी दटावलं, "आवर! लांबचा घाट हाय ह्यो, शेवटच्या फळीपातूर पुरवून पुरवून!" अण्णांनी चाल धरली. पॅसेजच्या बाकड्यांवर इंजेक्शनसाठी बसलेले पेशंट माना वळवून बघू लागले. एका बाईने पदर तोंडाला लावला. तिसऱ्या वळणाला गेणभाऊंना राहवलं नाही.

"उचल की टाक! आला आला आला... सयाजी हांडे, मुक्काम हांडेवस्ती, एकटाच गाडा, जोडीदार न्हाई..."

"काका, ओरडायचं नाही," श्रेया म्हणाली. "नियम आहे. पेशंटला असं चढवायचं नसतं. मला जेवढं सांगायला सांगितलंय तेवढंच बोलायचंय."

"मंग तुमी बोला की."

"छान चाललंय, असंच चालू ठेवा," श्रेया म्हणाली, कारण नियमात तेवढंच होतं.

"बास? येवढ्यावर बैल पळंल का?"

बाकड्यावरचे लोक हसले, आणि मग नियमाचं काही चाललं नाही. सलाईनची सुई लावलेला एक माणूस एका हाताने मांडीवर थाप मारून ताल देऊ लागला. अण्णांचा चेहरा निळसर झाला होता, पण तोंडावर हसू होतं. हा घाट, ही पब्लिक आणि मधे आपण, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. सहा मिनिटं संपताना शंकू आला तेव्हा सगळ्या पॅसेजने मिळून "भिर्रर्र" केलं. अण्णा भिंतीला टेकले आणि बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. सयाजी हांडे बोलत नाहीत ही गोष्ट लक्षात यायला हवी होती. ती हशात राहून गेली.

अंतर तीनशेच्या बरंच वर गेलं होतं.

डॉक्टरांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि गोरक्षला आत बोलावलं. बाप बाहेर बाकड्यावर.

"मला खरं तर एवढी अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. "चांगलं आहे. पुण्याला पाठवायची आत्ता घाई नको. गोळ्या त्याच. असंच चालू ठेवा. सहा महिन्यांनी परत चालवून बघू."

गोरक्ष उभा होता. सांगायचं असतं तर ती वेळ होती: हा आठ दिवसांचा माणूस आहे डॉक्टर, आमचा नेहमीचा वेगळा आहे. पण बाहेरून अण्णांचा आवाज यायला लागला होता. श्वास परतल्यावर ते श्रेया सिस्टरच्या घड्याळाचं कौतुक करत होते आणि बाकडी हसत होती. शिवाय डॉक्टरच चांगलं म्हणतात म्हणजे चांगलं असू शकेल. आपण बनवलेल्या खोट्यावर मोठ्या माणसाने सही केली, की ते आपल्यालाही खरं वाटायला लागतं. गोरक्ष "बरं" म्हणाला.

त्या संध्याकाळी लोणच्याची बरणी शेजाऱ्यांकडून परत आली. गोळ्या फळीवर गेल्या. अण्णांनी पोटभर पिठलं खाल्लं, वर दोन कप चहा घेतला आणि रिपोर्ट सदऱ्याच्या खिशात ठेवून कमिटीच्या बैठकीला गेले.

कमिटीने रिपोर्ट हातोहात फिरवला. शाब्बास, म्हणाले. अध्यक्षांनी मग घसा साफ केला. झालं होतं असं की शाहरुखला आधीच सांगितलं गेलं होतं. त्याच्या चॅनलवर लाइव्ह जातं, मुंबईची गावकरी मंडळी बघतात. "पण अण्णा, तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. शेवटी तुमी आमचा मान."

"मंग ह्यो रिपोर्ट?"

"त्यो असू द्या की. चांगलाच हाय."

यात्रेच्या दिवशी अण्णा स्टेजवर शाल पांघरून बसले. उन्हात शाल काढावी तर सत्काराचा अपमान. पाय पुन्हा चपलेबाहेर आले होते. शाहरुखने दुपारी स्वतःहून माईक त्यांच्यापुढे धरला. "आता गेणभाऊंची बारी आहे, आणि ही बारी आमचे उस्ताद पुकारतील!" टाळ्या पडल्या. अण्णा उठले. "नामवंत..." म्हणाले. थांबले. "गाडामालक..." थांबले. तेवढ्यात गाडा वर जाऊन पोचलाही होता. अण्णांनी माईक परत दिला, खुर्चीत बसले आणि मागे उभ्या असलेल्या गोरक्षचा हात धरून म्हणाले, "गोरक्ष, मला दम लागतोय रं."

साठ-पासष्ट वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. ते ऐकायला नेमके तेच लोक होते ज्यांना ते खरं वाटणं शक्य नव्हतं.

"कशाचा दम?" घाम पुसत वर आलेले गेणभाऊ म्हणाले. "आरं, तीनशे मीटरच्या वर चाललाय तू! रिपोर्ट खिशात हाय तुझ्या. माईक गेला त्याचं वाईट वाटतंय, दुसरं काय."

अध्यक्षही तेच म्हणाले. साळुबाई एकटी म्हणाली की परत दवाखान्यात न्या. गोरक्षने नेलं. डॉक्टर पारस त्या आठवड्यात गावाला गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरांनी फाईल उघडली.

"आजोबा, तुमची चालण्याची टेस्ट तर उत्तम आलीय. एवढ्यातच झालीय."

"दम लागतो," अण्णा म्हणाले. "झोपता येत न्हाई. पाय बगा." ते आता एकामागून एक खरं सांगत सुटले होते, आणि सवय नसल्यामुळे ते तक्रार केल्यासारखं ऐकू येत होतं.

"गोळ्या वेळेवर घेता?"

अण्णांनी गोरक्षकडे पाहिलं. गोरक्षने जमिनीकडे.

"घेत्यात," गोरक्ष म्हणाला.

तरुण डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवून दिली, पित्ताचंही एक औषध लिहिलं, आणि मोठे डॉक्टर आले की दाखवा म्हणाले. ते यायच्या आधी एका सकाळी अण्णा गोधड्यांच्या चळतीला टेकून बसलेले सापडले. समोर चहाचा कप होता. अर्धा प्यायलेला.

दहावा घोड नदीच्या काठी झाला. मंडप मोठा, माणूस मोठा गोळा झालेला. नावं पुकारायला शाहरुख होता. त्याने पैशाचं नाव काढू दिलं नाही. तालुक्याचे एक पुढारी म्हणाले की अण्णा शेवटपर्यंत ठणठणीत होते, त्यांचा रिपोर्ट आपण स्वतः पाहिला होता. गेणभाऊ म्हणाले की पॅसेजमधली ती बारी कोणी मोबाईलवर घेतली असती, तर जग बघत बसलं असतं. पुढच्या रांगेत माना डोलत होत्या. साळुबाई बायकांच्या बाजूला बसली होती. ती कोणाकडेच बघत नव्हती.

डॉक्टर पारस आले होते. मंचरच्या डॉक्टरांना दहाव्याला यावं लागतं, तसा रिवाज आहे. ते मागे उभे राहिले, आणि गोरक्ष पाणी द्यायला आला तेव्हा त्यांनी हळू आवाजात विचारलं, "एक विचारू? त्या टेस्टच्या आधी काही वेगळं केलं होतं का? काही जास्त औषध? मला सांगा, रागावणार नाही. पुढच्या पेशंटसाठी विचारतोय."

गोरक्षने मंडपाकडे पाहिलं. स्टेजवर बापाचा फोटो होता, शाल पांघरलेला, यात्रेतल्या सत्काराचा. नीट पाहिलं तर फोटोत ओठ जरा निळे दिसत होते. फ्लेक्सवाल्याने रंग बराचसा सुधारला होता.

"न्हाई, डॉक्टर," गोरक्ष म्हणाला. "एकदम टॉप व्हते."

डॉक्टरांनी मान हलवली. शाहरुखने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.